नवा वस्ताद, रिकामी तालीम

२०२४ च्या एप्रिलमधला रविवार. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या आमच्या लेक्सिंग्टन गावातली वीस हजारांच्या आसपास माणसं दुपारची जेवणं उरकून एका माणसाचं बोलणं ऐकायला गेली. निवडणूक नव्हती, कुणी बुवा आलेले नव्हते. केंटकी विद्यापीठाने बास्केटबॉल संघासाठी नवा मुख्य प्रशिक्षक नेमला होता आणि त्याला लोकांसमोर आणायचं होतं. एवढंच. मार्क पोप बसमधून आले. १९९६ साली ज्यांच्या साथीने त्यांनी इथे विजेतेपद मिळवलं होतं, ते जुने सवंगडी बरोबर होते. संघाचं मैदान, रप अरीना, असं काही गरजलं की माझ्या बाजूला बसलेल्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

हे आजोबा म्हणजे आमचे शेजारी. वय ऐंशीच्या पुढे, जन्म घोड्यांच्या फार्मवर गेलेला. मला बास्केटबॉल त्यांनी शिकवला. म्हणजे खेळायला नव्हे, त्याची काळजी करायला.

टाळ्या वाजवता वाजवता माझ्या मनात आलं की हा उत्सव नेमका कशाचा चाललाय? वस्ताद आला खरा, पण तालमीत पठ्ठा कुठाय? पुढच्या काही आठवड्यांत ते कागदावरच आलं. आदल्या हंगामातला शिष्यवृत्तीवरचा एकही खेळाडू उरला नाही. एकही म्हणजे एकही नाही. कुणी एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गेला, कुणी दुसऱ्या विद्यापीठात, आणि तिघे जुन्या प्रशिक्षकाच्या, जॉन कॅलिपारींच्या, पाठोपाठ आर्कान्सॉ विद्यापीठाला.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे मला तालीमच आठवणार. माझे चुलते उमेदीच्या वयात लाल मातीत होते. त्यांना गावच्या जत्रेच्या मैदानात एका वस्तादांनी हेरलं आणि दुसऱ्या दिवशी ते घरी आले. चुलत्यांशी ते फार बोललेच नाहीत, माझ्या स्वतःच्या आजोबांशी बोलले. दूध किती, बदाम किती, तूप कुणाकडून, आजारी पडला तर बघणार कोण. आजोबांनी पोरगा दिला तो त्या वस्तादांच्या हाती. तालमीचं नाव त्यांना नंतर कळलं. दोन वर्षांनी वस्ताद तालीम सोडून गेले, तेव्हा चुलते पुढच्या आठवड्यात वळकटी बांधून घरी परतले. ‘तालीम तीच होती, मग राहिला का नाहीस?’ असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, ‘माती तीच होती रे. शब्द दुसऱ्याचा होता.’

अमेरिकेतली कॉलेजची भरती, म्हणजे ज्याला इथे रिक्रूटिंग म्हणतात, ती अजूनही बरीचशी अशीच चालते. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या घरी प्रशिक्षक जातो. बैठकीच्या खोलीत बसतो, आईने केलेलं खातो, आणि ‘तुमच्या मुलाकडे मी लक्ष देईन’ असं सांगतो. विद्यापीठाचं नाव, रपसारखं मैदान, टीव्हीवरचे सामने हे सगळं असतंच. पण ‘मी’ म्हणणारा त्या सोफ्यावर बसलेला असतो. आणि तो ‘मी’ उद्या दुसऱ्या गावी गेला की घरच्यांच्या हातात विद्यापीठाचं पत्र तेवढं राहतं.

कॅलिपारी गेले कसे, तेही सांगायला हवं, कारण ते एकट्या केंटकीतलं प्रकरण नव्हतं. आपल्याकडे मे महिन्यात बदल्यांचा हंगाम असतो. एक तहसीलदार हलला की खाली-वर दहा जण हलतात, आणि शेवटी बायकोला नवी शाळा शोधावी लागते ती कुठल्यातरी भलत्याच गावात. तसंच झालं. टेक्सासात सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने मार्चमध्ये रॉब लॅनियर यांना काढलं. त्यांच्या जागी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अँडी एनफील्ड गेले. तिथली खुर्ची रिकामी झाली म्हणून आर्कान्सॉचे एरिक मसलमन लॉस एंजेलिसला गेले. आर्कान्सॉची खुर्ची रिकामी, म्हणून जॉन कॅलिपारी तिकडे. केंटकीची रिकामी, म्हणून यूटामधल्या ब्रिगम यंग विद्यापीठातून पोप इकडे. आणि त्यांच्या जागी एनबीएतल्या फिनिक्स सन्सचे सहायक प्रशिक्षक केविन यंग. हे सगळं साधारण चार आठवड्यांत. प्रत्येक ठिकाणी दहा-बारा पोरं, त्यांच्या आया, भाड्याची घरं, अर्धवट राहिलेले अभ्यासक्रम.

कॅलिपारींना कुणी काढलं नव्हतं, हेही खरं. काढणं परवडणारंच नव्हतं. त्यांना हटवलं असतं तर विद्यापीठाला तीन कोटी डॉलरांहून जास्त मोजावे लागले असते. पण गाव चिडलं होतं. २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसच्या संघाने विजेतेपद आणलं, २०१५ मध्ये सलग अडतीस सामने जिंकून आम्ही फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत, विस्कॉन्सिनकडून हरलो, तिथपर्यंत सगळं गोड होतं. मग २०२२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पंधरावं मानांकन असलेल्या सेंट पीटर्सने पहिल्याच सामन्यात घरी पाठवलं. आणि २१ मार्च २०२४ ला पिट्सबर्गमध्ये मिशिगनच्या ऑकलंड विद्यापीठाने ८०–७६. त्या रात्री जॅक गोल्की नावाच्या पोराने एकट्याने दहा थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेले तीन-तीन गुणांचे चेंडू, मारले. आदल्या वर्षापर्यंत तो दुसऱ्या विभागातल्या हिल्सडेल नावाच्या छोट्या कॉलेजात खेळत होता. आमच्याकडे एनबीएने पुढे तिसऱ्या आणि आठव्या क्रमांकावर उचललेली दोन पोरं होती, रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम. आजोबांनी सामना संपल्यावर रेडिओ बंद केला आणि अंगणात जाऊन उगाच नळी घेऊन गवताला पाणी घालत बसले. मार्चमध्ये. रात्री.

त्यानंतर पाच दिवसांनी खेळ विभागाचे प्रमुख मिच बार्नहार्ट यांनी जाहीर केलं की कॅलिपारी राहणार. आणखी दोन आठवड्यांत कॅलिपारींनीच व्हिडिओ टाकून निरोप घेतला. मग शोध. बेलरचे स्कॉट ड्रू येणार असं गावाने ठरवूनही टाकलं, ते नाही म्हणाले. कनेटिकटचे डॅन हर्ली, ज्यांनी त्याच आठवड्यात सलग दुसरं विजेतेपद घेतलं होतं, तेही जागचे हलले नाहीत. पोप यांचं नाव आलं तेव्हा आमच्या गल्लीत पहिली प्रतिक्रिया होती ती ‘हा?’ अशी. एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या त्या राष्ट्रीय स्पर्धेत, प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर तोवर एकही विजय नव्हता. दुसऱ्या दिवशी सूर बदलला, तिसऱ्या दिवशी वीस हजार लोक रपमध्ये. लग्न मोडता मोडता दुसऱ्या मुलाशी लागलं की मांडवातली मंडळी जरा जास्तच आनंद दाखवतात, त्यातला प्रकार. असं मी म्हटलं तर आजोबांना राग येईल, म्हणून हे मराठीत लिहितोय.

पण पोप यांच्याबद्दलची एक गोष्ट मला तेव्हा कळली आणि ती मनात रुतून बसली. ते केंटकीचे नव्हेत, सिएटलकडचे. वॉशिंग्टन विद्यापीठात दोन वर्षं खेळले, पहिल्याच वर्षी तिकडच्या विद्यापीठांच्या गटातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरले. मग १९९३ मध्ये त्यांच्या प्रशिक्षकांना, लिन नान्स यांना, जावं लागलं. पोरगा उघड्यावर पडला. तो केंटकीला आला, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे एक अख्खं वर्ष नुसता सराव करत बाकावर बसला. सामना खेळायची परवानगी नाही. म्हणजे त्या रविवारी बसमधून जो माणूस उतरला, तो स्वतः कधीकाळी वस्ताद गेल्यावर वळकटी बांधलेला पठ्ठा होता. (पुढे त्यांनी कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरकीला प्रवेश घेतला आणि ती अर्धवट सोडून बास्केटबॉलच्या सहायक प्रशिक्षकांच्या कर्मचारीवर्गात, अगदी खालच्या पायरीवर रुजू झाले. हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.)

हे मला रुतलं त्याला कारण आहे.

मी अमेरिकेत आलो तो एका विद्यापीठात आलोच नव्हतो, एका माणसाकडे आलो होतो. कोल्हापुरातून मी चाळीसेक प्राध्यापकांना ईमेल केले होते. उत्तर एकाच्याकडून आलं. मग एकदा रात्री फोन आला, त्यांची दुपार होती. पीएचडीचा विषय, शिष्यवृत्ती, सगळं बोलून झालं. आई शेजारी उभीच होती. तिने मला ढोसलं, ‘विचार त्यांना, ह्याच्या जेवणाचं काय?’ मी लाजत भाषांतर केलं. सर क्षणभर थांबले आणि गंभीरपणे म्हणाले की गावात एक भारतीय दुकान आहे आणि तिथे तूरडाळ मिळते. ‘तूरडाळ’ हा शब्द त्यांनी त्यांना जमेल तशा उच्चारात म्हटला. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने शिकवलेला असणार. आई म्हणाली, ‘माणूस चांगला दिसतोय.’ झाली माझी भरती.

तिसऱ्या वर्षी त्या सरांनी आम्हा पाचही विद्यार्थ्यांना बोलावून सांगितलं की ते दुसऱ्या राज्यात, मोठ्या जागी चाललेत. ज्यांना यायचंय त्यांची सोय होईल. ज्यांना राहायचंय त्यांना विभाग सांभाळून घेईल. तिघे गेले. मी राहिलो.

लोक मला तेव्हा ‘निष्ठावान’ म्हणाले. विभागाच्या सेक्रेटरीबाईंनी तर केक आणला. खरं सांगायचं तर निष्ठा वगैरे काही नव्हती. बायकोला नुकतीच असिस्टंटशिप लागली होती, व्हिसाच्या कागदांची भीती होती, आणि नव्या ठिकाणी पात्रता परीक्षा पुन्हा द्यावी लागेल असं कुणीतरी सांगितलं होतं. भीतीलाच लोक निष्ठा म्हणतात तेव्हा माणूस गप्प बसतो, केक खातो. नव्या गाइडने पहिल्या भेटीत विचारलं, ‘तुला काय काय येतं?’ तीन वर्षांनंतर हा प्रश्न. मला आधीच्या सरांचा राग आला नाही. आला तो प्रयोगशाळेच्या दारावरच्या पाटीचा. तिच्यावर विद्यापीठाचं नाव तसंच होतं, जणू काही झालंच नाही.

म्हणून आमच्या गल्लीत एप्रिल-मे २०२४ मध्ये जे चाललं होतं ते माझ्याच्याने ऐकवेना. ‘पोरं पैशाची झाली,’ ‘आता निष्ठा राहिली नाही.’ सकाळी कॉफीच्या दुकानात, संध्याकाळी कुंपणावर, तेच. एक तर निघून गेले होते ते आधी प्रशिक्षक. डीजे वॅग्नर, अडू थिएरो, झ्वोनिमिर इविसिच हे तिघे त्यांच्या मागून आर्कान्सॉला गेले, आणि केंटकीत येतो म्हणून कबूल केलेली तीन शाळकरी पोरंही तिकडेच वळली. ज्याने शब्द दिला त्याच्या मागे पोरगा गेला, तर निष्ठा मोडली कुणी? दुसरं म्हणजे आमचा संघ दरवर्षी नवा होतच होता. २००६ पासून एनबीएचा नियम आहे की शाळा संपल्यावर एक वर्ष गेल्याशिवाय ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेणार नाही. कॅलिपारींनी तो नियम जेवढा वापरला तेवढा कुणीच नाही. पोरं एक वर्षासाठी यायची, चमकायची, जायची. दर नोव्हेंबरला आम्ही नवी नावं पाठ करायचो. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, कारण जिंकत होतो.

बदललंय ते वेगळंच. पूर्वी प्रशिक्षक हवा तेव्हा जाऊ शकायचा, पोराने मात्र एक वर्ष बाकावर बसून त्याची किंमत मोजायची. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, २०२१ मध्ये एकदा न बसता जायची मुभा मिळाली, आणि पोप आले त्याच एप्रिलात ‘एकदा’ हा शब्दही गेला. अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा जा. १ जुलै २०२१ पासून पोरं आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे घेऊ लागली. त्याआधी हा पैसा नव्हता असं नव्हे. १९८८ मध्ये केंटकीतून पाठवलेलं एक पाकीट लॉस एंजेलिसमध्ये कुरिअर कंपनीच्या गोदामात फुटलं आणि त्यातून एका खेळाडूच्या वडिलांच्या नावे हजार डॉलर रोख बाहेर पडले. त्यात तेव्हाचे प्रशिक्षक एडी सटन यांची खुर्ची गेली. आता खुराकाचा हिशेब उघड आहे, एवढंच. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठच थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. माझ्या चुलत्यांच्या वस्तादांनी दूध-बदाम तोंडी ठरवले होते. इथे आता वकील ठरवतात. मला यात वाईट काही दिसत नाही. फक्त सोफ्यावर बसून बोलायची वेळ कमी झाली आहे, हे खरं. मे महिन्यात पोप यांच्याकडे आठवडे होते, वर्षं नव्हती.

त्या आठवड्यांत त्यांनी जे केलं ते मी रोज मोबाईलवर बघत होतो, एखाद्याच्या लग्नाची यादी वाढताना बघावी तसं. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेलहून मूळचा नॉटिंगहॅमचा अमारी विल्यम्स. सॅन डिएगोहून लमाँट बटलर, ज्याने आदल्या वर्षी फायनल फोरमध्ये शेवटच्या क्षणी चेंडू टाकून संघाला अंतिम सामन्यात नेलं होतं. वेक फॉरेस्टचा अँड्र्यू कार. डेटनचा कोबी ब्रेया, देशातला बहुधा सर्वात अचूक थ्री-पॉइंट मारणारा. ओक्लाहोमाहून ओटेगा ओवे. स्वतःच्या जुन्या संघातला जॅक्सन रॉबिन्सन. बहुतेक सगळे एकवीस-बावीसचे, एक-दोन विद्यापीठं बघितलेले. ज्यांना ‘काय काय येतं’ असं विचारावं लागत नाही असे. हा शहाणपणा होता. अठरा वर्षांच्या ताऱ्याला पटवायला दोन वर्षं लागतात. वळकटी बांधलेल्या बावीस वर्षांच्या पोराला काय हवं ते पोप यांना आतून माहीत होतं.

आणि दोन पोरं केंटकीची. ट्रॅव्हिस पेरी, राज्याच्या शालेय बास्केटबॉलमध्ये आजवर सर्वाधिक गुण केलेला मुलगा. त्याला कॅलिपारींनी घेतलं होतं, तो शब्द धरून राहिला. आणि कोळशाच्या खाणींच्या हार्लन परगण्यातला ट्रेंट नोआ, जो दक्षिण कॅरोलायनाला जायचा होता तो मागे फिरला. या दोघांची नावं आजोबांनी एकदाही चुकीची उच्चारली नाहीत. विल्यम्सला मात्र ते शेवटपर्यंत ‘तो इंग्लिश पोरगा’च म्हणत.

आजोबांचा देव म्हणजे १९९२ चा संघ. सटन गेले, बंदी आली, दोन वर्षं स्पर्धेत खेळायचंच नाही असा दंड झाला. शहाण्याने निघून जावं अशीच वेळ होती, आणि बरेच गेले. चार पोरं राहिली. रिची फार्मर, डेरॉन फेल्डहाउस आणि जॉन पेल्फ्री हे तिघे याच राज्याच्या छोट्या गावांतले, चौथा इंडियानापोलिसचा शॉन वुड्स. रिक पिटिनो नावाचे न्यूयॉर्कचे नवे वस्ताद आले, आणि बंदी उठल्यावर पहिल्याच वर्षी या चौघांनी संघ ड्यूक विद्यापीठासमोर नेला. फिलाडेल्फियात, २८ मार्च १९९२. वाढीव वेळेत शेवटच्या दोन सेकंदांत ड्यूकच्या ख्रिश्चन लेटनरने वळून चेंडू टाकला आणि १०४–१०३. आजोबा ते रेडिओवर ऐकत होते. केंटकीचा आवाज म्हणून ओळखले जाणारे कॉवुड लेडफर्ड यांचा तो केंटकीसाठीचा शेवटचा सामना होता. त्या चौघांचे शर्ट पुढच्या काही दिवसांत रपच्या छताला लावले. विजेतेपद नाही, तरी.

मी एकदा आजोबांना विचारलं, ‘ते राहिले कारण निष्ठा होती, की जायला जागा नव्हती?’ ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘दोन्हीतला फरक त्यांना तरी ठाऊक होता का, मला शंका आहे.’ मी केकबद्दल कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

पोप यांच्या पहिल्या हंगामात संघाने नोव्हेंबरात ड्यूकला हरवलं, आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोहोचून तो टेनेसीकडून हरला. चोवीस जिंकले, बारा हरले. वाईट नाही. हंगाम संपल्यावर ट्रॅव्हिस पेरी मिसिसिपीला गेला. आजोबांनी ती बातमी मला सांगितली नाही, मीच त्यांना सांगितली, आणि ते ‘हं’ म्हणाले. नोआ राहिला.

पण मला सांगायचीय ती १ फेब्रुवारी २०२५ ची रात्र. कॅलिपारी आर्कान्सॉला घेऊन रपमध्ये आले होते. तिकिटं आमच्या आवाक्याबाहेर, म्हणून आजोबांच्या बैठकीत. त्यांची पद्धत जुनी. टीव्हीचा आवाज बंद, रेडिओ चालू. टीव्हीचं चित्र रेडिओच्या मागे काही सेकंद चालतं, त्यामुळे काय झालं ते आधी कानाला कळतं आणि मग डोळ्यांना. कॅलिपारी बाहेर आले तेव्हा रेडिओतून हुर्यो नुसती उसळली. टीव्हीवर ते अजून बोगद्यात होते. आजोबा काही बोलले नाहीत. मी कॉफी ओतली.

सामना रंगला तो आर्कान्सॉच्या बाजूने. ८९–७९ असा संपायचा होता तो. उत्तरार्धात कधीतरी रेडिओवाला ओरडला, ‘थिएरो!’ आजोबांनी खुर्चीतून अर्धं उठून दोन टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या टाळीला हात हवेत थांबले. मग टीव्हीवर तो पोरगा आला, आर्कान्सॉच्या गणवेशात, आणि त्याने चेंडू आत टाकला.